फॉक्स ४० क्लासिक सीएमजी: मुलांच्या सामन्यात ही शिट्टी कधी वाजवावी आणि कधी तोंडातून काढावी

घ्यावी का, तर जरूर घ्यावी. मुलांच्या बास्केटबॉलला पंच म्हणून उभं राहणाऱ्याला इतकी भरवशाची शिट्टी सहज मिळत नाही. पण मुलांच्या सामन्यात तापलेलं वातावरण याच शिट्टीने आणखी तापतं, हेही खरं आहे. ती फार थोड्या हवेत फार मोठी वाजते. तेरा वर्षांच्या मुलाला किंवा आधीच चिडलेल्या कोचला ती अंगावर ओरडल्यासारखी लागते. म्हणून प्लास्टिक, रंग, दोरी यांवर थोडंच लिहितो. टेक्निकल फाऊल (धक्क्याबद्दल नाही, वागण्याबद्दल दिलेला फाऊल) द्यायच्या क्षणी ही शिट्टी हातात, म्हणजे तोंडात, कशी वागते हा खरा प्रश्न आहे.

शिट्टीत गोळी नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसनची 'ॲक्मी थंडरर' १८८४ साली आली आणि पुढची शंभर वर्षं खेळाची शिट्टी म्हटलं की आत कॉर्कची गोळी हे ठरून गेलं. गोळी फिरते म्हणून आवाजाला थरथर येते. पण गोळीला थुंकी लागली की ती जड होते, आणि जीव तोडून फुंकलं की भोकाशी अडकते. म्हणजे ज्या क्षणी पंच सगळ्यात जोरात फुंकतो, नेमक्या त्याच क्षणी शिट्टी मुकी होण्याची भीती. कॅनडाचे पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांच्यावर १९८४ साली ब्राझीलमधल्या ऑलिंपिकपूर्व सामन्यात ही वेळ आली: डोळ्यांसमोर फाऊल झाला, शिट्टी वाजलीच नाही आणि प्रेक्षक खवळले. त्यानंतर त्यांनी डिझायनर चक शेफर्ड यांना बरोबर घेऊन गोळी नसलेली शिट्टी तयार केली आणि १९८७ च्या इंडियानापोलिस पॅन अमेरिकन स्पर्धेत ती पंचांसमोर आणली. आत तीन पोकळ्या आहेत. प्रत्येकीचा सूर किंचित वेगळा, आणि ते सूर एकमेकांवर आदळून थरथर तयार होते. हलणारा भाग एकही नाही. कितीही जोरात फुंका, ती अडकत नाही, फक्त आणखी मोठी वाजते.

सीएमजी म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर बसवलेलं मऊ रबरी आवरण. साध्या क्लासिकचं कडक प्लास्टिक धावताना दातांवर घासतं, घामाने सटकतं, आणि पंच ती घट्ट चावून धरतो. बास्केटबॉलमध्ये पंच चेंडू खेळात असताना शिट्टी तोंडातच ठेवून धावतो, त्यामुळे दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरनंतर जबडा दुखू लागतो. आवरण असलं की ओठांनी सैल धरली तरी चालते. पंचगिरी नव्याने शिकणाऱ्याने साधी क्लासिक घेऊन पैसे वाचवू नयेत, कारण घट्ट चावलेल्या जबड्यातून शिट्टी नेहमी गरजेपेक्षा जोरात आणि लवकर सुटते.

याच सोयीला दुसरी बाजू आहे. शिट्टी तोंडात इतकी आरामात बसते की ती तिथून निघतच नाही. मग पंच मुलाशी बोलतो तो शिट्टी दातांत धरून, ओठांच्या कोपऱ्यातून. शब्द नीट कळत नाहीत, चेहरा आवळलेला दिसतो, आणि साधं 'हात खाली ठेव' सुद्धा दमदाटी वाटतं. बोलायचं असेल तर शिट्टी आधी खाली सोडावी, ती छातीवर पडू द्यावी, आणि मग तोंड उघडावं. ही एक सवय लागली तरी निम्मे वाद उगवण्याआधीच मावळतात असं माझं ठाम मत आहे.

आता आवाज. क्लासिकचा आवाज ११५ डेसिबल धरला जातो. मोठ्या, प्रेक्षकांनी भरलेल्या हॉलला तो ठीक आहे. कमी उंचीच्या, सिमेंटच्या भिंतींच्या शाळेच्या हॉलमध्ये तो भिंतींवरून परत येतो आणि एकच शिट्टी दोनदा वाजल्यासारखी ऐकू येते. कानांचं गणित इथे मांडायलाच हवं. कामाच्या ठिकाणी आवाज मोजण्याची अमेरिकेतल्या नायॉश संस्थेची पद्धत अशी: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८५ ते ११५ म्हणजे दहा वेळा निम्मी. आठ तास उतरत उतरत जेमतेम २८ सेकंदांवर येतात. एका सामन्यात शंभर शिट्ट्या वाजल्या आणि प्रत्येक अर्ध्या सेकंदाची असली तर पन्नास सेकंद होतात. दिवसात चार-पाच सामने घेणाऱ्या पंचाने वादकांचे कानातले बोळे वापरावेत. ते सगळा आवाज सारखा कमी करतात, त्यामुळे कोचचं आणि स्कोअररच्या टेबलाचं बोलणं कळतं; फोमचे बोळे बोलणंच गिळून टाकतात.

मुलांच्या कानांचा विचार तर आधी करायला हवा. खेळाडू हाताच्या अंतरावर असेल तर शिट्टी त्याच्या कानाच्या दिशेने जाऊ नये. मान थोडी वळवावी, किंवा अर्धं पाऊल मागे घेऊन वाजवावी. टेबलाशी उभं राहून तर वाजवूच नये. स्कोअरर आणि टायमर बऱ्याचदा त्याच शाळेची मुलं असतात, आणि दचकलेला टायमर घड्याळ चुकवतो.

फुंकण्याची रीत. गालांनी फुंकू नये, पोटातून हवा द्यावी आणि जिभेने तोडावी. शिट्टीच्या तोंडाशी जीभ टेकवून 'ट्' म्हटल्यासारखं सोडलं की आवाज एकदम सुरू होतो, जीभ परत टेकवली की एकदम थांबतो. जीभ न वापरता फुंकलं तर आवाज चढत येतो, विरत जातो, आणि ऐकणाऱ्याला पंचाची खात्री नाही असं वाटतं. नेहमीच्या फाऊलला एक, आखूड, खणखणीत. चेंडू बाहेर गेला तर तशीच एक. पंच दोनतीनदा फुंकतो तेव्हा त्याचा राग किंवा घाबरगुंडी सगळ्या हॉलला कळते. लागोपाठ शिट्ट्यांचा उपयोग एकच: हाणामारी सुरू झाली आहे आणि सहकारी पंचाची पाठ तिकडे आहे. ती खूण त्या एका प्रसंगासाठी राखून ठेवली तरच तिला किंमत राहते.

टेक्निकल फाऊलची शिट्टी बाकीच्या शिट्ट्यांसारखीच असावी. हे करायला अवघड आहे. कोणी अपमान केला की श्वास आपोआप भरला जातो, आणि हा भरलेला श्वास अशा शिट्टीत गेला की हॉल दुमदुमतो. कोचला तो आवाज 'आता बघ' असा ऐकू येतो, तो उत्तर देतो, आणि तीस सेकंदांत दुसरा टेक्निकल होऊन माणूस बाहेर जातो. पहिला फाऊल त्याने कमावलेला असतो, दुसरा पुष्कळदा पंचाच्या फुफ्फुसांनी. उपाय साधा आहे. अपमानाचा शब्द ऐकला की नाकातून एक श्वास सोडायचा, मग उरलेल्या हवेत वाजवायची. या शिट्टीला तेवढी हवा पुरून उरते. गोळीच्या शिट्टीला हे जमत नाही. कमी हवेत ती नुसती फुरफुरते. क्लासिकची मला सगळ्यात मोलाची वाटणारी बाजू हीच.

वाजवायची घाईही नको. ज्या संघाकडे चेंडू आहे तो मोकळा बास्केटकडे निघाला आहे आणि समोरच्या बेंचवरून शब्द आला, तर हल्ला संपू द्यावा, मग शिट्टी. नाहीतर चूक केली त्यांनी आणि दोन गुण गेले दुसऱ्यांचे. धक्काबुक्की किंवा कोणाला इजा होण्याची शक्यता असेल तर मात्र ताबडतोब.

पण शिट्टीपर्यंत येण्याआधी बऱ्याच गोष्टी शिट्टीशिवाय होतात, आणि मुलांच्या सामन्यात तर बहुतेक गोष्टी तशाच व्हायला हव्यात. चेंडू हातात असलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर हात नाचवणं, बास्केट झाल्यावर चेंडू मुद्दाम बाजूला ढकलणं, नुसत्या स्पर्शावर कोलमडून पडण्याचं नाटक, या सगळ्या नियमाने टेक्निकलच्या गोष्टी आहेत. पण बारा वर्षांचं पोर त्या बहुतेकदा कोणाचं तरी पाहून करतं. धावता धावता, शेजारून जाताना, शिट्टी तोंडातून काढून: 'सात नंबर, डोळ्यांसमोर हात नको.' एवढं पुरतं. नंबरने बोलवावं, 'ए' किंवा 'अरे' म्हणून नाही. पुन्हा झालं तर चेंडू डेड होऊन (खेळ थांबून) घड्याळ थांबल्यावर रीतसर ताकीद, आणि ती त्याच्या कोचला स्पष्ट कळवायची: 'सर, चेंडू अडवल्याबद्दल तुमच्या संघाला ताकीद.' चेंडू अडवून वेळ घालवणं आणि फाऊलचं नाटक या दोन्हींत ताकीद त्या मुलापुरती राहत नाही; उरलेल्या सामन्यात तशाच कृतीसाठी ती पूर्ण संघाला लागू होते. पुढचा खेळाडू वेगळा असला तरी त्याला थेट टेक्निकल. नवे पंच इथे हमखास चुकतात. प्रत्येक मुलाला नव्याने ताकीद देत बसतात, आणि चौथ्या ताकिदीनंतर ती कोणी ऐकत नाही.

काही गोष्टींना ताकीद नाही. रंग, वंश, शरीर किंवा आई-बहिणीवरून शिवी, थुंकणं, प्रतिस्पर्ध्याला हिणवत तोंडासमोर जाणं, रागाने चेंडू प्रेक्षकांत भिरकावणं. इथे पहिल्याच वेळी शिट्टी, आणि ती दिली नाही तर शिवी खाल्लेलं मूल पुढच्या चेंडूला स्वतःच न्याय करायला जातं. चेंडू रागाने जमिनीवर एकदा आपटून स्वतःच पकडला, तर मात्र मी एक शब्द बोलून सोडून द्यावं असं म्हणेन. राग स्वतःवर आहे की दुसऱ्यावर, एवढंच पाहायचं.

कोचचा प्रश्न वेगळा. नियम एका वेळी एकालाच उभं राहू देतो, मुख्य कोच किंवा पहिला सहायक, आणि तोही बेंचच्या हद्दीत. मुलांच्या सामन्यात तीन मोठी माणसं उभी राहून तीन वेगळ्या सूचना ओरडत असतात. हे पहिल्या दोन मिनिटांत, शांतपणे, शिट्टीशिवाय मिटवावं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये, गुण बरोबरीत असताना, हाच नियम काढला तर तो सूड वाटतो. कोच प्रश्न विचारत असेल तर उत्तर द्यावं, एका वाक्यात: 'हाताला लागलं, सर, चेंडूला नाही.' कोच प्रश्न न विचारता शेरे मारत असेल तर उत्तर देऊ नये, फक्त ऐकल्याचं सांगावं: 'ऐकलं, सर. आता पुढे.' तिसऱ्यांदा तोच शेरा आला तर ताकीद, आणि ताकिदीत 'ताकीद' हा शब्द हवाच, नाहीतर नंतर 'मला कोणी सांगितलंच नाही' हे ऐकावं लागतं. तळहात तोंडासमोर धरून कोचला गप्प करू नये. मुलांसमोर माणसाचा अपमान झाला की तो मागे हटू शकत नाही. कॅप्टनने विचारलं तर तो त्याचा हक्क आहे: चेंडू डेड, घड्याळ थांबलेलं आणि भाषा नम्र, या तिन्ही अटी पाळून. कॅप्टन तेरा वर्षांचा असला तरी त्याच्याशी कॅप्टनसारखंच बोलावं.

शिट्टी वाजल्यानंतर काय, हे फिबाच्या (बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे सांगतो. मूठ वर, घड्याळ थांबलं. मग दोन्ही तळहातांनी छातीसमोर 'टी' अक्षर, हळू, न झटकता. ज्याच्यावर दिला त्याच्याकडे बोट रोखू नये. तिथून टेबलाकडे चालत जायचं, धावत नाही, आणि नंबर, टी, एक फ्री थ्रो (कोणी न अडवता बास्केटवर चेंडू टाकायची संधी) एवढंच दाखवायचं. स्कोअरशीटवर खेळाडूच्या रकान्यात टी आणि शेजारी बारीक १. कोचचं स्वतःचं वागणं असेल तर सी, बेंचवरच्या दुसऱ्या कोणाचं असेल तर बी, आणि ते बी कोचच्याच नावापुढे लिहिलं जातं. खेळाडूचा टेक्निकल संघाच्या फाऊलमध्ये धरला जातो, बेंचचा धरला जात नाही. शाळकरी स्कोअरर हे जवळजवळ नेहमी चुकवतात आणि पाचव्या फाऊलला फ्री थ्रोवरून नवा वाद उभा राहतो, म्हणून पंचाने टेबलावर वाकून नोंद डोळ्यांनी पाहावी.

फ्री थ्रो एकच, समोरच्या कोचने ठरवलेला कोणीही खेळाडू घेतो, आणि तो लगेच घ्यायचा. रिंगखाली कोणी रांगेत उभं राहत नाही. त्यानंतर खेळ जिथे थांबला होता तिथून, ज्याच्याकडे चेंडू होता किंवा ज्याला मिळायचा होता त्याच्याकडूनच सुरू. 'टेक्निकल म्हणजे चेंडूही जातो' हा समज मोठ्यांच्याही डोक्यात पक्का आहे, कारण अमेरिकेतल्या शालेय नियमांत दोन फ्री थ्रो आणि चेंडू दोन्ही मिळतात, आणि टेक्निकल कोचवर किंवा बेंचवर असेल तर तिथे मुख्य कोचला त्यानंतर बसूनच राहावं लागतं. स्पर्धा कोणत्या नियमांवर आहे हे सामन्याआधी दोन्ही कोचसमोर एकदा म्हणून टाकलं की हा गोंधळ टळतो.

शिट्टी ज्याने दिली त्याने टेबलावर सांगून झाल्यावर त्या बेंचपासून लांबची बाजू घ्यावी. कोचला कारण सांगायचं काम सहकाऱ्याचं: 'सर, पंचांना उद्देशून ते वाक्य होतं, म्हणून.' एकच वाक्य, आणि निघून यायचं. दोन पंचांच्या सामन्यात हे आधी बोलून ठेवलेलं नसेल तर दोघंही कोचकडे जातात किंवा दोघंही जात नाहीत.

बाहेर काढण्याची बेरीज पाठच हवी. खेळाडूला दोन टेक्निकल, किंवा दोन अनस्पोर्ट्समनलाईक (स्पर्शाचे गंभीर फाऊल, पुढे सांगतो), किंवा दोन्हींतला एकेक, यांतलं काहीही झालं की तो सामन्यातून बाद. कोचच्या स्वतःच्या वागण्याबद्दल दोन सी झाले की तो बाद. तीन टेक्निकल झाले, सगळे बी किंवा त्यांतला एक सी, तरीही बाद. बाद झालेल्याने ड्रेसिंग रूममध्ये जायचं किंवा इमारतीबाहेर. मुलाला एकट्याने बाहेर पाठवू नये, संघाबरोबरच्या एखाद्या मोठ्या माणसाला त्याच्यासोबत द्यावं. ही साधी काळजी आहे, आणि पंचाने आठवण करून दिली तर कोणीही नाही म्हणत नाही.

टी (टेक्निकल) आणि यू (अनस्पोर्ट्समनलाईक) यांत गल्लत फार होते. टेक्निकलला स्पर्श नसतो: शब्द, हावभाव, खोडी. अनस्पोर्ट्समनलाईकला स्पर्श असतो: चेंडू खेळायचा प्रामाणिक प्रयत्न नसलेला, किंवा गरजेपेक्षा फार जोराचा, किंवा हल्ला पुढे जाऊ नये म्हणून विनाकारण केलेला, किंवा बास्केटकडे मोकळ्या निघालेल्या खेळाडूला मागून वा बाजूने. त्याची खूण मनगट डोक्यावर धरून. शिक्षा दोन फ्री थ्रो आणि चेंडू, थ्रो-इन (मैदानाबाहेरून चेंडू आत टाकणं) पुढच्या अर्ध्यातल्या ठरलेल्या रेषेवरून. शूट करताना फाऊल झाला आणि बास्केट पडली, तर ती धरायची आणि वर एकच फ्री थ्रो. मुलांच्या सामन्यात शेवटचा प्रकार, मोकळ्या निघालेल्याला मागून, सगळ्यात जास्त दिसतो. बहुतेक वेळा त्यात वाईट हेतू नसतो. मूल नुसतं उशिरा पोचलेलं असतं. तरी यू द्यावाच, कारण हवेत असलेल्या मुलाला मागून लागलं की तो हात टेकून पडतो आणि मनगट मोडतं. खूण करतानाही ही एकच शिट्टी, एकच आखूड आवाज. फरक हाताने दाखवायचा.

हाणामारीत बेंच सोडून मैदानात येणारे बाद होतात. फक्त मुख्य कोच आणि पहिला सहायक मुलांना आवरायला येऊ शकतात. अशा वेळी लागोपाठ शिट्ट्या, मग शिट्टी खाली, आणि मोठ्या आवाजात दोन्ही बेंचना 'बसा, बसा!' एक पंच भांडणाजवळ जातो, दुसरा मागे थांबून कोण उठलं, कोणता नंबर, हे पाहतो. दोघंही मध्ये घुसले तर नंतर कोणालाच काही सांगता येत नाही. भांडणारी मुलं हाताने ओढू नयेत. त्यांच्या मध्ये उभं राहून आवाजाने वेगळं करावं.

पालकांसाठी शिट्टी नाही. प्रेक्षकातला माणूस टेक्निकलचा विषय होत नाही, आणि त्याच्याकडे पाहत शिट्टी वाजवणं म्हणजे त्याला व्यासपीठ देणं. खेळ नेहमीच्या जागी थांबला की आयोजकांच्या माणसाला टेबलाशी बोलवावं आणि पालकाला आवरायचं काम त्याच्याकडून करून घ्यावं. ते होईपर्यंत खेळ सुरू करू नये.

इतर पर्याय थोडक्यात. याच कंपनीची पर्ल साधारण ९० डेसिबलची. दहा वर्षांखालच्या मुलांच्या सरावाला किंवा लहान हॉलमधल्या शांत सामन्याला ती क्लासिकपेक्षा चांगली. प्रेक्षक आले की ती बुडते, आणि बुडालेली शिट्टी धोक्याची, कारण मुलं खेळत राहतात आणि शिट्टीनंतरच्या धक्क्यांतून भांडणं सुरू होतात. सोनिक ब्लास्ट साधारण १२० डेसिबलची. मुलांच्या हॉलमध्ये ती नकोच. मोल्टेनची डॉल्फिन हीसुद्धा बिनगोळीची, सूर जास्त उंच आणि टोकदार. तिचा खरा उपयोग शेजारी शेजारी दोन कोर्टांवर सामने असताना होतो. दोन्हीकडे क्लासिक असेल तर एका कोर्टाच्या शिट्टीला दुसऱ्या कोर्टावरची मुलं थांबतात, समोरचा चेंडू घेऊन पळतो, आणि 'शिट्टी झाली होती!' या वादात बेंच उठतं. एका कोर्टाने क्लासिक, दुसऱ्याने डॉल्फिन असं ठरवलं की पाच मिनिटांत मुलांचे कान सरावतात. बटणाच्या इलेक्ट्रॉनिक शिट्टीला प्रत्येक वेळी सारखाच आवाज असतो, राग आत शिरत नाही, आणि ती कोणीही तोंडात घालत नाही, हे तिचे गुण. पण ती एक हात अडवून ठेवते, आणि बास्केटबॉलच्या पंचाला खुणांसाठी दोन्ही हात लागतात. सरावाला ठीक.

दोरी घेताना ओढ बसली की सुटणारी घ्यावी. मुलं चेंडूमागे येऊन पंचावर आदळतात, तेव्हा बोट दोरीत अडकलं तर मुलालाही लागतं आणि पंचाच्या मानेलाही. दोरी इतकीच लांब असावी की सोडलेली शिट्टी छातीच्या मध्यावर येईल. पोटापर्यंत लोंबली तर धावताना ती बटणांवर आपटत राहते आणि परत तोंडात घ्यायला उशीर होतो. विकत घेताना पोकळ्यांच्या कडा बोटाने तपासाव्यात. नकली माल मिळतो, आणि कडा खरखरीत असतील किंवा कमी हवेत आवाज फाटत असेल तर ती घेऊ नये. धुताना कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब, पोकळ्यांतून पाणी झटकून टाकायचं. उकळत्या पाण्यात टाकू नये. प्लास्टिक मऊ पडून पोकळ्यांचा आकार बदलला तर सूरही बदलतो. रबरी आवरणावर दातांचे खोल ठसे पडू लागले तर शिट्टीइतकीच जबड्याचीही तपासणी करावी: कुठेतरी ती फार घट्ट धरली जात आहे. दुसरी तशीच शिट्टी खिशात असावी, दोरीशिवाय, आणि ती कोणाच्याही तोंडात गेलेली नसावी.

सामना संपल्यावर शिट्टी लगेच गळ्यातून काढायची सवय मोडावी. पंचांचा अधिकार ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी मैदानात आल्यापासून सुरू होतो. वॉर्मअपमध्ये झालेली शिवीगाळही त्यात येते, आणि तेव्हा पंच कपडे बदलत असेल तर ती कोणीच पाहिलेली नसते. शेवटी घड्याळ वाजलं आणि पंचांनी निकाल मान्य केला की अधिकार संपतो. पण स्कोअरशीटवर सही होईपर्यंत काही घडलं तर ते मुख्य पंचाने शीटच्या मागच्या बाजूला लिहून आयोजकांना कळवायचं असतं: वेळ, नंबर, कोण काय म्हणालं ते शब्दशः, स्वतःचं मत न घालता. सही करण्याआधी रकाने एकदा वाचून घ्यावेत, विशेषतः सी आणि बी.